रांजणामागचं राजघराणं

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या प्रकरणात एका राजघराण्याची स्थापना, त्याचा विस्तार आणि त्याने आमच्याच घरावर केलेली स्वारी यांची हकीकत प्रथमच जाहीर होत आहे. आजवर ती आम्ही घरातल्या घरात दाबून ठेवली होती. हे राजघराणं आष्टीच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथून आत असलेल्या आमच्या गावात, आमच्या मागच्या पडवीत, पाण्याच्या रांजणावरच्या कोनाड्यात नांदत होतं. राणी काळी होती, ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी लांब होती आणि तिला मी पाळलं होतं. मी तेव्हा सातवीत होते. कुणाला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. पुढे आमच्या घरात बराच काळ कुणी हसलं नाही.

आधी घरातल्या माणसांची ओळख करून देते, कारण मुंग्या मागून आल्या, माणसं आधीपासून तिथं होती. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णांचा कशावरही विश्वास बसायचा, फक्त ते मोजलेलं पाहिजे. झाडाला किती बोंडं लागली, म्हैस किती घागरी पाणी प्याली, गावात एसटी किती मिनिटं थांबली, सगळं ते बोटांच्या पेरांवर मोजत. देवाची शपथ घेतली तरी ते हूं म्हणून पुढे जात. आकडा सांगितला की थांबत. आई त्यांच्या अगदी उलट. ती काही सांगतच नसे. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. चुलीचा धूर वरच्या एका कौलाएवढ्या भोकातून निघायचा तेवढा निघायचा, बाकीचा आईच्या डोळ्यांत जायचा. सकाळी भाकरी थापण्याचा आवाज यायचा, थप थप थप, मधेच खोकला, परत थप थप. लहानपणी मला वाटायचं भाकरी अशीच करतात, चार थापा आणि एक खोकला.

आणि तिसरं माणूस म्हणजे आत्या. आण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन दुसऱ्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन ती परत आली, ती कायमची. का आली ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आमच्या घरातली सगळ्यात कोरडी, पूर्वेच्या खिडकीची, चांगली ऐसपैस खोली तिच्या ताब्यात होती. पण ती तिच्या झोपण्याची खोली नव्हती. ती बियाची खोली होती. शेणामातीने लिंपलेल्या तीन कणग्या तिथं उभ्या असत आणि त्यांत पुढच्या वर्षीचं बी. शाळू ज्वारी, तूर, हरभरा. आत्या उभ्या पिकात फिरून कणसं स्वतः निवडायची, मशीनला न लावता बडवून घ्यायची, ऊन दाखवायची, राख आणि लिंबाचा पाला घालून भरायची. दाणा वाळला का हे बघायला ती तो दाढेखाली धरायची. कट्ट आवाज आला की बराबर, नाही आला तर परत उन्हात. नुसतं आमच्याच घराचं नव्हे, गावातल्या सहासात घरांचं शाळूचं बी तिच्या कणगीतून जायचं. पेरणीच्या तोंडावर माणसं नारळ घेऊन यायची आणि आत्या कमरेची किल्ली काढून मापाने बी द्यायची. भावाच्या घरातली भाकरी आपण या खोलीच्या जिवावर खातो, अशी तिची समजूत होती. तसं तिला कुणीही, कधीही म्हणालं नव्हतं. पण जेवायला बसली की तिचा डावा हात किल्लीवर असायचा, हे मी रोज बघत होते.

आता मुंग्यांकडे येते. आत्याचा एक नेम होता. दर शनिवारी ती अंगणातल्या लिंबाखाली, मुंग्यांच्या बिळाच्या तोंडाशी, पिठात साखर कालवून चिमूट चिमूट टाकायची. मुक्या जिवाला घातलेलं वर पोचतं म्हणायची. त्याच मुंगीने चुकून उंबरा ओलांडला की मात्र आत्या राखेची मूठ घेऊन धावायची. बाहेरची मुंगी देव आणि आतली मुंगी चोर, असा तिचा साधा धर्म होता. बियाच्या खोलीच्या दाराशी तर राखेची रेघ बारा महिने असायची.

अशा घरात मी मुंग्या पाळल्या.

दोष द्यायचाच तर आमच्या विज्ञानाच्या साळवे बाईंना द्या. बाई मूळच्या मंठ्याच्या, गावात खोली करून राहायच्या, आणि शिकवताना असं काही सांगायच्या की पोरं घरी जाऊन जेवायची नाहीत. एकदा त्या म्हणाल्या, पंखाच्या मोठ्या मुंग्या दिव्याभोवती येतात त्यातली एखादी राणी असते. ती एकटी निघते आणि एकटीच नवीन गाव वसवते. त्याच आठवड्यात दिवेलागणीला ओसरीच्या बल्बवर पंखाच्या मुंग्यांचा ढग आला. आईने नेहमीप्रमाणे बल्बखाली पाण्याची परात ठेवली. मी परातीच्या काठावर एक मोठी काळी मुंगी चढताना बघितली. कोरडी झाली, थांबली आणि तिने पाय मागे नेऊन स्वतःचे पंख एकेक करून मोडून टाकले. चारही. शेतकऱ्याने कडब्याची पात मोडावी तसे. मी ओरडायचं विसरले. आपण ज्यावर उडत आलो ते असं काढून टाकायचं? तिच्यावर वाटी उपडी घातली आणि रात्रभर त्या वाटीच्या शेजारी झोपले.

बाईंनी शाळेच्या कपाटातली एक परीक्षानळी दिली. तळाला पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, मग तोंडाला दुसरा बोळा. वरून काळं फडकं. अंधारात ठेव, हलवू नको आणि महिनाभर काहीही खायला घालू नको. मला वाटलं बाई चेष्टा करतात. आमच्याकडे पाहुणा दारात आला तरी गूळपाणी मिळायचं आणि ही बाळंतीण महिनाभर उपाशी? बाई म्हणाल्या, तिला आता उडायचं नाही, म्हणून पंख हलवायला जे मांस अंगात होतं तेच जिरवून ती अंडी घालते आणि लेकरं वाढवते. मी पळत घरी आले आणि चुलीपाशी बसलेल्या आईला धापा टाकत सगळं सांगितलं. आईने भाकरी उलटली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग त्यात काय नवल हाय?"

नळी मी रांजणावरच्या कोनाड्यात ठेवली. तिथं गारवा होता, अंधार होता आणि लोणच्याच्या जुन्या बरणीमागे कुणाचा हात जात नव्हता. रोज शाळेतून आले की फडकं दोन बोटं वर करून बघायचं. अंडी दिसली त्या दिवशी मी घरभर नाचले. दुसऱ्या दिवशी राणीने त्यातलं एक खाल्लेलं बघितलं आणि अंबाडीच्या भाजीला हात लावला नाही. ती भाजी मला फार आवडायची, लसणाची फोडणी वर चरचरत असायची, तरी. मग अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांच्या पांढऱ्या बाहुल्या झाल्या आणि एका सकाळी नळीत राणीशिवाय आणखी कुणीतरी चालत होतं. फिकट, धूळ झटकल्यासारखं. आठवडाभरात अकरा झाल्या. त्या एवढ्या बारीक होत्या की एकीची सावलीसुद्धा पडत नव्हती.

राणी अंधाऱ्या जागेत बसून असायची, कुणाला फार जवळ येऊ द्यायची नाही आणि सगळं घर तिच्याभोवती फिरायचं. म्हणून मी तिचं नाव धाकली आत्या ठेवलं. हे मी फक्त आईला सांगितलं. आई पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला ठसका लागला. आईला तसं हसताना मी आधी बघितलं नव्हतं. हसता हसता तिने दारातून बियाच्या खोलीकडे बघितलं आणि एकदम गप्प झाली.

माझी लेक हल्ली मला फोनवर दाखवते, लोक मुंग्या विकत घेतात म्हणे. काचेचे महाल, आतली हवा किती ओली ते सांगणारं यंत्र, राणीसकट कुरिअरने घरपोच. ती म्हणाली, आई, तुला एक मागवू का. मी म्हटलं, नको बाई, एकदा झाला तेवढा तमाशा पुरे.

आत्याला पत्ता लागायचा तो लागलाच. बरणी काढायला गेली आणि नळी हाताला लागली. फडकं बाजूला करून तिने आत बघितलं आणि जागीच खाली बसली. मला वाटलं आता राख येणार. पण आत्याची फार पंचाईत झाली होती. मुंगी आत होती म्हणून चोर. पण कोंडलेली होती, कुणाचं काही नेत नव्हती, मग चोर कशी? आणि देव म्हणावी तर देवाला असं बोळा मारून ठेवतात का? बराच वेळ ती नळी उजेडात धरून बघत राहिली. राणीने अळी तोंडात धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली. "एकलीच हाय गं ही," आत्या म्हणाली. मग तिने निकाल दिला की बोळा घट्ट असेतोवर राहू दे. त्या शनिवारी तिने लिंबाखाली साखर घातली आणि उरलेली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली, आतल्यांसाठी.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते माझ्या हौसेने. घर वाढलं, आता अंगण पाहिजे, असं मी ठरवलं. मिठाईचा एक प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्याला खिळा तापवून भोक पाडलं, डॉक्टरांच्या दवाखान्यामागे पडलेली सलाईनची नळी उकळून घेतली आणि परीक्षानळीतून डब्यात रस्ता काढला. डब्यात मी फुटकी बाजरी, तीळ, गुळाच्या पाण्याचा थेंब, मेलेला डास अशी ताटं मांडायची. मुंग्या एकेक करून यायच्या, दाणे उचलून आत न्यायच्या आणि नको असलेला केरकचरा डब्याच्या एका कोपऱ्यात नीट ढीग लावून ठेवायच्या. तो ढीग बघून आईसुद्धा म्हणाली होती की तुझ्यापरीस बऱ्या हायेत. आता सलाईनची नळी आणि डब्याचं भोक यांच्यामध्ये फट राहत होती. ती मी बुजवली. कशाने? आमच्याकडे हंडीचं झाकण जसं बुजवतात तसं. कणकेने. मुंग्यांच्या तुरुंगाला मी पिठाचं कुलूप लावलं होतं आणि महिनाभर त्या तुरुंगाकडे अभिमानाने बघत होते.

दसरा जवळ आला तसं शेतात शाळूच्या पेरणीचं बोलणं सुरू झालं. आण्णा त्याच सुमारास जालन्याला शेतीच्या मेळाव्याला गेले होते. येताना डोक्यावर फुकटची टोपी आणि डोक्यात उगवण चाचणी घेऊन आले. घरचं बी पेरण्याआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळायचे, ओलं ठेवायचं आणि पाचव्या दिवशी किती मोडावले ते मोजायचं. ज्यात मोजणं दोनदा येतं अशी गोष्ट आण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटली होती. त्यांनी ती ओसरीवर सगळ्यांना सांगितली. शेजारचे किसनकाका होते, ते आत्याकडूनच बी नेत. आणखीही दोघंतिघं होते. किसनकाका म्हणाले की आष्टीच्या दुकानात पिशवीतलं बी आलंय, चकाचक. आण्णा म्हणाले, ठरवून टाकू. शंभरात ऐंशी आले तर यंदाही कणगीतलं. कमी आले तर सगळ्यांनी मंगळवारी आष्टीला जाऊन पिशव्या आणायच्या आणि कणग्या मोडायच्या, खोली मोकळी करायची.

आत्या उंबऱ्यात बसून वाती वळत होती. तिने मान वर केली नाही. "शंभर घाल, न्हाई तर हजार घाल," ती म्हणाली. "माझं बी मला ठावं हाय."

बुधवारी आण्णांनी दहाच्या दहा ओळी मांडल्या. तोंडाने मोजत होते, त्यामुळे कुणाला शिंकायचीही परवानगी नव्हती. गोणपाटाची वळकटी झाली आणि ती ठेवायची कुठं, तर घरात ओल आणि सावली एकाच जागी होती. रांजणापाशी. माझ्या कोनाड्याच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर. सकाळ-संध्याकाळ आई तिच्यावर पाणी मारायची.

मी त्या दिवसांत सहामाही परीक्षेत बुडाले होते. राजघराण्याकडे माझं लक्ष नव्हतं. आता तीसेक प्रजा झाली होती आणि कणकेचं कुलूप वाळून त्याला तडा गेला होता. मी म्हणे विज्ञानात पहिली यायची.

रविवारी सकाळी वळकटी ओसरीवर आणली. येसराच्या, भाजक्या धान्यमसाल्याच्या, आमटीचा वास घरात भरला होता, पुरणपोळी नसली तरी पाहुण्यांसारखी माणसं जमली म्हणून आईने येसर केलं होतं. आण्णांनी गाठ सोडली, गोणपाट उलगडलं आणि मोजायला लागले. पहिल्या ओळीत चार. दुसऱ्या ओळीत दोन. तिसऱ्या ओळीत तीन. आण्णांचा आवाज बारीक होत गेला. सहाव्या ओळीत एकही नव्हता. शेवटी ते थांबले आणि परत पहिल्या ओळीपासून मोजायला लागले, कारण त्यांनाच पटेना. दोन्ही वेळा सत्तावीस आले.

शंभरात सत्तावीस.

किसनकाकांनी टोपी काढून परत घातली. कुणी कुणाकडे बघेना. आण्णांना जिंकायचं होतं, पण असं नाही. त्यांना पंच्याहत्तर-शहात्तर पाहिजे होते, म्हणजे बहिणीला चिडवता आलं असतं. ते म्हणाले, "आक्का, एखादं पोतं चुकून मशीनमधी गेलं असंल."

"माझं बी मशीनमधी जात न्हाई," आत्या म्हणाली. तिने गोणपाटावरचा एक दाणा उचलून दाढेखाली धरला. ओला दाणा. कट्ट होणार कसा? तरी तिने दोनदा चावून बघितला, कान देऊन, जणू आपल्याच तोंडातून काही ऐकू येईल. मग कमरेची किल्ली सोडली आणि त्या सत्तावीस मोडांच्या शेजारी ठेवली. उठली आणि अंगणात गेली.

मी तिथंच उकिडवी बसले होते. मला त्या न मोडावलेल्या दाण्यांचं काहीतरी विचित्र वाटत होतं. ते मेलेले दिसत नव्हते. मेलेला दाणा ओलाव्यात काळा पडतो, बुळबुळीत होतो, वास येतो. हे दाणे टम्म फुगलेले होते आणि प्रत्येकाच्या टोकाशी, जिथून मोड यायचा तिथं, बारीक कापलेली जागा होती. सुरीने खुडावी तशी. मी पडवीत गेले, रांजणावर चढले, डबा ओढला. कणकेच्या कुलपाला मोहरीएवढं दार पडलं होतं. डब्याच्या कोपऱ्यात, जिथं नेहमी बाजरीची साल असायची तिथं, पांढरट पिवळ्या बारीक तुकड्यांची रास होती. नखाच्या कडेएवढे तुकडे. ज्वारीचे मोड. ज्वारीचा फुगलेला दाणा त्या मूठभर बारीक मुंग्यांना उचलत नव्हता, म्हणून त्यांनी मोड तेवढे खुडून आणले होते. पुढे बाईंनी सांगितलं की दाणे साठवणाऱ्या मुंग्या हे करतातच. साठवलेला दाणा उगवला तर फुकट जातो, म्हणून त्याचा मोड खुडून टाकायचा. म्हणजे बी कसं राखायचं ते त्यांनाही ठाऊक होतं. पण ते नंतर. त्या क्षणी मी रांजणावर उभी होते आणि घरातला एकच माणूस असा होता की ज्याला बी जिवंत आहे हे माहीत होतं, आणि तो माणूस म्हणजे मी.

लगेच सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. आण्णांच्या कपाटात मुंग्यांची पावडर असायची, पांढरी, उग्र वासाची; ती डब्यात पडल्यावर काय होतं ते मी गोठ्यात बघितलं होतं. शिवाय माझ्या पाठीचं काय होईल तेही मला साधारण ठाऊक होतं. मी रविवार गप्प राहिले. सोमवार गप्प राहिले. आत्या या दोन दिवसांत बियाच्या खोलीकडे फिरकली नाही. ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. निवडलेले तांदूळ परत निवडत होती. जेवायला बसली तेव्हा तिचा डावा हात कमरेपाशी गेला, तिथं काही नव्हतं, हात तसाच थोडा वेळ राहिला आणि मग तिने तो मांडीखाली घातला. अर्धी भाकरी परत दुरडीत ठेवली. आईने वाढू का विचारलं तर म्हणाली, "बसून खायाला कितीक लागतंय, वयनी." नणंद भावजयीला वयनी म्हणते यात विशेष काही नाही, पण आत्याने आईला ते इतक्या वर्षांत कधी इतक्या हळू आवाजात म्हटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी किसनकाका आणि इतर मंडळी आष्टीला निघायला म्हणून आमच्या दारात जमली. आण्णा चपला घालत होते. मी पडवीतून डबा आणला, आईची पांढरी थाळी घेतली आणि ओसरीच्या मधोमध मांडी घालून बसले. डब्याचा तो कोपरा मी थाळीत उपडा केला. चारदोन प्रजाजनही पडले आणि थाळीच्या काठाकडे धावत सुटले.

"बी मेलेलं न्हाई, आण्णा," मी म्हटलं. "मोड माझ्या मुंग्यांनी तोडलेत. हे बघा. मोजा."

शेवटचा शब्द नसता तर माझी धडगत नव्हती. आण्णांचा हात वर गेलाच होता, पण तो शब्द कानावर पडला आणि हात हवेतच थांबला. ते खाली बसले. कुंपणाच्या बाभळीचा एक काटा मागवला आणि त्या काट्याच्या टोकाने एकेक तुकडा थाळीच्या या कडेहून त्या कडेला सरकवायला लागले. सगळी ओसरी त्यांच्याभोवती वाकली. एवढी मोठी पागोटी-टोप्यांची माणसं श्वास रोखून, कारण जोरात श्वास सोडला तर पुरावा उडाला असता. चौसष्ट. किसनकाकांनी काटा हातात घेऊन परत मोजले. चौसष्टच. आण्णांचे ओठ हलले. चौसष्ट आणि सत्तावीस. त्यांनी बोटांच्या पेरांवर एकदा करून बघितलं, दुसऱ्या हातावर करून बघितलं.

"एक्याण्णव," ते म्हणाले.

आत्या लिंबाखाली उभी होती. ती आत आली, थाळीपाशी बसली. तिने बोटाला थुंकी लावून एक मोड उचलला, उजेडात धरला, वास घेतला. भावाकडे बघितलं नाही की माझ्याकडे बघितलं नाही. थाळीच्या काठावर एक मुंगी घुटमळत होती, तिच्यासमोर तिने आपलं बोट आडवं धरलं, मुंगी बोटावर चढली आणि आत्याने ती अलगद डब्यात सोडली. किल्ली आण्णांनीच आणून तिच्या ओंजळीत ठेवली. तिने ती कमरेला खोचली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी त्याला जागा उरणार नाही. त्या वर्षी सहासात घरांत आत्याचाच शाळू पेरला गेला आणि बघता बघता माणूसभर उंच झाला. पावडर कपाटातून बाहेर आली नाही. राजघराणं पुढे चार वर्षं नांदलं, काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाच्या. धाकली आत्या गेली तेव्हा थोरलीने तिला लिंबाखाली पुरलं. आणि त्या पेरणीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आत्याने स्वतः गवंड्याला बोलावून आईच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडून खिडकी पाडून घेतली. आण्णा नको म्हणत होते, भिंत कच्ची आहे म्हणत होते. आत्या म्हणाली, भिंत पडली तर माझ्या अंगावर पडू दे. ती खिडकी का पाडली हे ओसरीवर जमलेल्या सगळ्यांना कळलं होतं, मला कळायला मात्र लग्न होऊन स्वतःची चूल मांडावी लागली.

तर त्या मंगळवारी. किल्ली जागेवर गेली, माणसं सैल झाली आणि आण्णांची अडचण झाली. इतका मोठा घोटाळा झाला म्हणजे कुणाला तरी रागवायला पाहिजे. बहिणीला बोलायची सोय नव्हती. मला बोलावं तर मी आत्ताच आकडा आणून दिला होता. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईवर गेली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "अन् तू गं?" आण्णा चारचौघांत गरजले. "पाच दिवस घरात मुंग्यांची रांग चालू राह्यली अन् तुला पत्ता न्हाई? घर झाडतीस का आंधळ्यावाणी हात फिरवतीस? डोळे हायेत का बुजगावण्याचे?"

आईने आजवर पुरुषांच्या समोर उलट शब्द काढला नव्हता. तिला काहीही बोला, ती खाली बघायची. स्वयंपाक अळणी म्हणा, माहेर गरीब म्हणा. पण तिच्या झाडलोटीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं आणि तेच आज सगळ्या गल्लीसमोर ठेवलं गेलं होतं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर पडलं. तिने आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तोंडावर हात न्यायला गेली, पण हात पोचायच्या आत शब्द बाहेर पडले होते:

"दिसल्या न्हाईत कशा? दोन्ही टायमाला पाणी मीच मारत होते! मोड तोंडात धरून रांगंनं चालल्या होत्या, अन् मीच पाय उचलून बाजूला सरले, त्यांना वाट दिली!"